कॅनडाच्या प्रेअरीत आगगाड्यांच्या फोटोंसाठी भटकंती: विनिपेग ते लेथब्रिज आणि परत

रूळवेडा

मागच्या सप्टेंबरात विनिपेगहून गाडी काढली आणि प्रेअरीचा, म्हणजे इथल्या गवताळ मैदानांचा, मोठा फेरा मारला. निमित्त एकच, आगगाड्यांचे फोटो. जाताना सीएनचा (कॅनेडियन नॅशनल रेल्वे) मुख्य मार्ग धरला: पोर्टेज ला प्रेरी, रिव्हर्स, मेलव्हिल, वॉट्रस, सॅस्कटून, बिगर, वेनराइट. तिथून अल्बर्टात दक्षिणेला लेथब्रिजपर्यंत उतरलो. परतताना सीपीकेसीचा (कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी, म्हणजे पूर्वीची सीपी) मार्ग: मेडिसिन हॅट, मेपल क्रीक, स्विफ्ट करंट, मूस जॉ, रिजायना, ब्रँडन. काही जणांनी व्यनितून विचारलं होतं, म्हणून सगळं एकाच जागी लिहून ठेवतो.

आधी मुद्द्याचं. प्रेअरीत गाडीच्या मागे धावू नका. गाव निवडा, उजेडाची दिशा बघा आणि थांबा. आपल्याकडे वेळापत्रक हाताशी असतं, डेक्कन क्वीन खंडाळ्याला किती वाजता येणार हे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. इथे मुख्य मार्गावर जवळपास सगळ्या मालगाड्याच, आणि त्यांच्या वेळा बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. लांबवर दिवा दिसला की नवखा माणूस गाडी दामटतो आणि शेवटी हाती लागतो तो धुळीतून घेतलेला पाठमोरा फोटो. सीएनच्या मुख्य मार्गावर तासा-दोन तासांत काहीतरी येतंच. तेवढा धीर धरला तर फ्रेम आपल्या मनासारखी मिळते.

थांबायचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही गावं रेल्वेनेच वसवलेली आहेत. शेतकऱ्याने घोडागाडीत धान्य भरून सकाळी निघावं आणि दिवसाउजेडी घरी परतावं, या हिशेबाने साधारण दर दहा-पंधरा किलोमीटरवर एक साइडिंग (मुख्य रुळाच्या बाजूचा जोडरूळ), एक स्टेशन आणि एक एलिव्हेटर उभं राहिलं. एलिव्हेटर म्हणजे उंच लाकडी कोठार. शेतकऱ्याची गाडी आत घेऊन धान्य खालच्या खड्ड्यात ओतायचं, बादल्यांच्या पट्ट्याने वर चढवायचं, प्रतवारीप्रमाणे कप्प्यांत सोडायचं आणि तिथून नळीने थेट वॅगनमध्ये. १९३०च्या दशकात अशी पाच हजारांहून जास्त एलिव्हेटरं होती. आता लाकडी फार थोडी उरलीत. गाडी पुढेही येत राहील, पण ती ज्याच्यासाठी थांबायची ते कोठार राहीलच असं नाही. म्हणून माझ्या फोटोत आधी कोठार आणि मग इंजिन.

सीएनच्या मार्गावर एक मोठी सोय आहे. हा पश्चिमेकडचा भाग ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने बांधला आणि स्टेशनांना वर्णानुक्रमाने नावं दिली. मेलव्हिल सोडलं की फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर अशी रांग लागते. ती वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा इथे संपते आणि पुन्हा ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट सुरू. रेडिओ स्कॅनरवर (रेल्वेवाल्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र) एखादं नाव कानावर पडलं की नकाशा न उघडता गाडी किती लांब आहे याचा अंदाज येतो.

झेल्माच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्याच्या फाटकाशी पहाटे उभा होतो. फाटक म्हणजे रस्त्याकडेला फुलीची पाटी, बाकी काही नाही. गहू कापून झालेला, खुंटांवर दव. स्कॅनरवर डिटेक्टरचा यांत्रिक आवाज आला: मैलाचा आकडा, बिघाड नाही, एकूण आस इतके. रुळालगत बसवलेली ही यंत्रं तापलेले बेअरिंग आणि लोंबकळणारे भाग हेरतात आणि थेट रेडिओवर बोलतात. आसांचा आकडा सहाशेच्या वर ऐकला तेव्हाच समजलं की लांबलचक गाडी येतेय. मग क्षितिजावर एक ठिपका. तो कितीतरी वेळ जागचा हलतच नाही. जरा जवळ आल्यावर एका दिव्याचे तीन होतात, वर एक आणि खाली दोन, त्रिकोण. फाटकाआधी दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिट्टी. पुढे दोन इंजिनं, मागे एकावर एक रचलेले कंटेनर, आणि रांगेच्या मधोमध आणखी एक इंजिन, आत माणूस नाही. पुढचा चालक रेडिओवरून तेही चालवतो. गार्डाचा डबा इथून कधीच गेला. शेवटच्या वॅगनच्या कपलरवर फक्त लुकलुकणारा लाल दिवा.

वेनराइटजवळ फेबियनचा लोखंडी पूल आहे, बॅटल नदीच्या खोऱ्यावर, उंची ६० मीटरच्या आसपास. मैदान सपाट आहे म्हणणाऱ्यांनी तो बघावा. लेथब्रिजचा पूल मात्र वेगळ्याच तोलामोलाचा. १९०७ ते १९०९ या काळात बांधलेला, लांबी १.६ किलोमीटर, ओल्डमन नदीच्या पात्रापासून उंची ९५ मीटरच्या वर. या जातीच्या पुलांत इतका लांब आणि इतका उंच दुसरा जगात नाही. खाली नदीकाठच्या बागेतून वर बघितलं की अख्खी मालगाडी आभाळावर रेघ ओढल्यासारखी दिसते. मी तिथे दुपारचं ऊन उतरेपर्यंत थांबलो आणि तेच बरं झालं. तिरप्या उजेडात पुलाच्या प्रत्येक खांबाची सावली पुढच्या खांबावर पडते.

येताना चॅप्लिनला नक्की थांबा. सोडियम सल्फेटचं खारं तळं, पांढरेशुभ्र काठ, महामार्ग क्रमांक १ आणि रेल्वे शेजारी-शेजारी. लाल इंजिन त्या पांढऱ्यावर जे उठून दिसतं, त्यासाठी कॅमेऱ्याचं एक्स्पोजर थोडं चढवावं लागतं, नाहीतर मीठ राखाडी येतं.

फोटो हळूहळू प्रतिसादांत टाकतो. विचारा काय विचारायचं ते.

अकोलेकर

वा! वाचनखूण साठवली. कॅनडाच्या इंजिनांशी आमचं जुनं नातं आहे. मीटरगेजवरची डिझेल इंजिनं, वायडीएम-४, आठवतात? त्यांतलीच वायडीएम-४ए ही इंजिनं मॉन्ट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्समधून आलेली. पूर्णा-अकोला-खंडवा मार्गाकाठी लहानपण गेलं, त्यामुळे मॉन्ट्रियल हे शहर मला शाळेतल्या भूगोलाआधी इंजिनाच्या पाटीवरून माहीत झालं.

दोन प्रश्न. स्कॅनर नवख्याला समजतो का? आणि तिकडच्या जुन्या मॉन्ट्रियल इंजिनांपैकी काही अजून दिसतं का?

रूळवेडा

@अकोलेकर, काका, काय आठवण काढलीत! मुख्य मार्गावर आता सगळी जनरल इलेक्ट्रिक (जीई) आणि ईएमडी या कंपन्यांची इंजिनं. त्यातलं जीईचं इव्होल्यूशन घराणं आपल्याकडच्या बिहारमधल्या मढौऱ्याच्या डब्ल्यूडीजी-४जी इंजिनाचंच भावंड, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटतो. मॉन्ट्रियलचं सगळ्यात देखणं इंजिन आजही चालतं आणि ते वाफेचं आहे: सीपी २८१६, १९३० साली बांधलेलं. २०२४मध्ये ते कॅलगरीहून निघून थेट मेक्सिको सिटीपर्यंत गेलं. सीपी आणि कॅन्सस सिटी सदर्न २०२३मध्ये एक झाल्या, त्या विलीनीकरणाच्या निमित्ताने. मूस जॉपर्यंतचा टप्पा प्रेअरीतूनच होता.

स्कॅनरचा कान दोन दिवसांत तयार होतो. एक लक्षात ठेवा: इथे रस्ते किलोमीटरमध्ये, पण रेल्वे अजून मैलात. डिटेक्टर मैल सांगतो. आणि प्रत्येक सबडिव्हिजनला (मार्गाचा एक टप्पा, थोडक्यात 'सब') मैल शून्यापासून सुरू होतात, म्हणून आपण रिव्हर्स, वॉट्रस की वेनराइट सबवर आहोत हे आधी माहीत हवं.

घाटवेडा

लेख आवडला, पण पाठलागाबद्दल पूर्ण असहमत. भोर घाटातल्या मंकी हिलला बसून बँकर (मागून ढकलणारी इंजिनं) लावलेल्या गाड्यांचे फोटो काढणारा मी माणूस, थांबणं काय असतं ते मला कळतं. घाटात थांबावं, कारण पुढे रस्ताच नसतो. प्रेअरीत रस्ता रुळाला समांतर, वाहतूक नाही, वळण नाही. एकाच गाडीचे पाच ठिकाणी पाच फोटो मिळत असतील तर एका गावात का बसायचं? आवडीचं इंजिन दिसलं तर मी तरी सोडणार नाही.

रूळवेडा

@घाटवेडा, मुद्दा रास्त आहे, आणि महामार्ग १वर काही पट्ट्यांत तो जमतोही. अडचण अशी की मालगाडी ताशी ६० मैलांपर्यंत, म्हणजे पंचाण्णवच्या घरात धावते. महामार्गाची मर्यादा ११०. तासाला जेमतेम पंधरा किलोमीटरची आघाडी मिळते. त्यात महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याने रुळापर्यंत जा, जागा शोधा, उजेड बघा. एवढ्यात गाडी निघून जाते. समोरून दुसरी गाडी येणार असेल आणि आपली साइडिंगमध्ये थांबणार असेल, तेव्हा पाठलाग सार्थकी लागतो. हे स्कॅनरवर कळतं. नाहीतर वेगाच्या नादात आपण फाटकं ओलांडत सुटतो, आणि इथल्या बहुतेक फाटकांना दांडा नाही, घंटाही नाही.

सॅस्कटूनकर

बऱ्याच वर्षांपासून इथे आहे, म्हणून थोडी भर.

कोठारं का गेली हे कळल्याशिवाय त्या फोटोंचा अर्थ पुरता लागत नाही. १८९७मध्ये सीपी आणि केंद्र सरकार यांच्यात क्रोज नेस्ट पासचा करार झाला. लेथब्रिजहून पश्चिमेला खिंडीतून रूळ टाकायला सरकारने पैसे दिले आणि बदल्यात कंपनीने धान्याचं भाडं कमी केलं. हा 'क्रो रेट' शेतकऱ्याचा आधार होता. बांधलेल्या दरामुळे कंपन्यांना धान्य वाहण्यात तोटा व्हायला लागला, त्या फाटे-मार्गांवर खर्च करेनात. १९८३मध्ये पद्धत बदलली आणि १९९५मध्ये अनुदान पूर्ण बंद झालं. मग फाटे उखडायचा सपाटा लागला. आता मुख्य मार्गालगत काँक्रीटची अवाढव्य टर्मिनलं आहेत, शंभराहून जास्त वॅगनची गाडी एका जागी भरते. शेतकरी ट्रकने तिथवर धान्य नेतो. गावातलं कोठार आणि गावातला रूळ, दोन्ही गेले. मागोमाग दुकान, शाळा, पोस्टही.

काही ठिकाणी लोकांनी फाटे वाचवले. नैऋत्य सॅस्कॅचवानमधली ग्रेट वेस्टर्न रेल्वे हे त्याचं चांगलं उदाहरण. ओगेमाला सदर्न प्रेअरी रेल्वेची पर्यटक गाडी चालते, गावकऱ्यांनी उभी केलेली. आणि मॅनिटोबात इंग्लिसला पाच लाकडी कोठारं एका ओळीत राखून ठेवलीत, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून. तिथला रूळ मात्र गेला. फ्लेमिंगचं १८९५चं कोठार २०१०मध्ये जळालं. मी त्याचा फोटो 'पुढच्या वेळी' म्हणत राहिलो, अजून हळहळतो. ज्याला जायचंय त्याने लवकर जावं.

रूळवेडा

@सॅस्कटूनकर, हे मूळ लेखातच हवं होतं इतकं छान लिहिलंत. तुमचं वाचून आणखी एक सांगावंसं वाटतं: गोल पोटाचे धान्याचे हॉपर (खालून रिकामे होणारे मालडबे) दिसले तर तेही टिपून ठेवा. १९७२पासून केंद्र सरकारने हजारोंनी घेतले होते, कणसाचं चित्र असलेले. आता त्यांची जागा नवे आखूड हॉपर घेत आहेत. मला एका गाडीत मोजकेच दिसले, तेही गंजलेले आणि वर भित्तिचित्रांनी रंगवलेले.

प्राजक्ता_कॅलगरी

रूळवेडा, ब्रुक्सला थांबला होतात का? कॅलगरी आणि मेडिसिन हॅटच्या मधे. तिथे सीपीनेच १९१२ ते १९१४मध्ये बांधलेला काँक्रीटचा पाण्याचा पाट आहे, ३.२ किलोमीटर लांब, खांबांवर उचललेला. कंपनीला शेतजमिनी विकायच्या होत्या, जमिनीला पाणी हवं, म्हणून रेल्वेने कालवे काढले. रेल्वेचा मुख्य मार्ग आडवा येतो तिथे पाणी वक्रनळीने रुळाखालून पलीकडे नेलं. १९७९पर्यंत तो चालू होता. पाटाचे मोडके खांब आणि त्यांच्यामधून जाणारी गाडी अशी फ्रेम मिळते. आमच्या मुलांनाही ती जागा फार आवडली.

आणि सगळ्यांसाठी एक माहिती. कॅलगरी किंवा रिजायनाला प्रवासी गाडी शोधू नका. जानेवारी १९९०पासून 'कॅनेडियन' ही टोरोंटो-व्हँकूव्हर प्रवासी गाडी सीएनच्या उत्तरेकडच्या मार्गाने जाते. एवढ्या मोठ्या शहरात राहून लेकाला गाडीत बसवायला एडमंटनला न्यावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मनाली_पुणे

'कॅनेडियन'चा फोटो नक्की कुठे आणि कधी मिळतो? तिच्याचसाठी यायचा विचार आहे. चंदेरी डबे, मागे गोल घुमटाचा डबा, फार वर्षं मनात आहे.

रूळवेडा

@मनाली_पुणे, ताई, ते डबे १९५४-५५ सालचे, बड कंपनीचे, स्टेनलेस स्टीलचे. सत्तरी गाठली तरी त्यावर सूर्यास्त पडला की नजर हटत नाही. टोरोंटो ते व्हँकूव्हर ४,४६६ किलोमीटर. आठवड्याला मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून व्हिया रेलचं (ही गाडी चालवणारी कंपनी) चालू वेळापत्रक बघूनच सहल आखा.

वेळेची खात्री मात्र धरू नका. रूळ सीएनचे, बहुतेक ठिकाणी एकेरी, आणि मालगाड्या इतक्या लांब की पुष्कळ साइडिंगमध्ये मावत नाहीत. समोरासमोर आल्या की जी मावते तीच बाजूला होते, म्हणजे प्रवासी गाडी. त्यामुळे काही तासांचा उशीर नेहमीचाच. व्हिया रेलच्या संकेतस्थळावर गाडी कुठवर आली ते दिसतं, ते बघत राहा. घड्याळाचंही भान ठेवा: सॅस्कॅचवान उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, मॅनिटोबा करतं. सीमा ओलांडली की तासाचा फरक पडतो.

जागा विचाराल तर मी यंगच्या आसपास दक्षिण बाजूला उभं राहीन. रूळ साधारण आग्नेय-वायव्य जातो, त्यामुळे दक्षिणेकडून दिवसभर उजेड मिळतो. पश्चिमेला जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन हवं असेल तर दुपारनंतर.

लातूरचा_माणूस

मी रेल्वेतला जाणकार नाही, डाळीच्या व्यवसायातला. सॅस्कॅचवान म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर मसूर आणि पिवळा वाटाणा. आणि खताच्या दुकानात पोटॅश. भारत पोटॅश जवळजवळ सगळंच बाहेरून आणतो, त्यात कॅनडाचा वाटा मोठा. हा माल त्या गाड्यांतून कसा जातो ते बघायला मिळालं का?

रूळवेडा

@लातूरचा_माणूस, दादा, अगदी जवळून! रिजायना आणि मूस जॉच्या मधे बेल प्लेनची पोटॅशची खाण महामार्गावरूनच दिसते. तिथे जमिनीत पाणी सोडून क्षार विरघळवून वर काढतात. पोटॅशच्या गाड्या एकसारख्या हॉपरच्या असतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच जातीचं डबडं, त्यामुळे लांबूनही ओळखू येतात. बराचसा माल व्हँकूव्हरच्या बंदरातून जहाजावर चढतो. मसूर काही वेळा सुटा हॉपरमधून जातो, काही वेळा साफ करून कंटेनरमधून. कापणी ऑगस्टपासून. मी गेलो तेव्हा वॉट्रसच्या बाजूला शेतात कंबाइन फिरत होते आणि रस्त्याला धान्याचे ट्रकच ट्रक.

इतिहासप्रेमी

सुंदर धागा. एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हे मैदान रिकामं नव्हतं. बायसनचे कळप संपल्यावर क्री आणि इतर आदिवासी उपासमारीत होते. सायप्रस हिल्स परिसरातून त्यांना हटवण्यासाठी सरकारने शिधा रोखून धरला, म्हणजे रेल्वेच्या मार्गालगतचा दक्षिण भाग मोकळा होईल. १८८५मध्ये वायव्येत उठाव झाला तेव्हा अर्धवट बांधलेल्या याच रेल्वेने सैन्य आणलं. शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ला क्रेगेलाकीला ठोकला आणि १६ नोव्हेंबरला त्या उठावाचा नेता लुई रिएल याला रिजायनात फाशी दिली. नऊ दिवसांचं अंतर.

रूळवेडा

@इतिहासप्रेमी, तुम्ही लिहिलंत हे फार योग्य झालं. मेपल क्रीकहून सायप्रस हिल्स नजरेच्या टप्प्यात आहेत. १८८२च्या एका हंगामात कंपनीने मैदानावर सहाशेहून अधिक किलोमीटर रूळ टाकले, हा पराक्रम म्हणून सगळीकडे वाचायला मिळतो. तो रूळ कोणाच्या जमिनीवरून गेला हे त्याच वाक्यात यायला हवं. मेपल क्रीकचे फोटो टाकेन तेव्हा ओळीत हे लिहीन.

अकोलेकर

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द लिहा. आमचा पुतण्या विनिपेगला शिकायला गेलाय, त्याला हा धागा पाठवतोय.

रूळवेडा

काका, त्याला एवढं सांगा. रूळ आणि त्यालगतची जमीन रेल्वेची खाजगी मालमत्ता, तिच्यात शिरणं गुन्हा आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून झूम लेन्सने सगळं मिळतं, ७०-२०० पुरते. जिथे दुहेरी मार्ग आहे तिथे एक गाडी गेली म्हणून लगेच पुढे सरकू नये, दुसरी आडून येत असते. वारा आपल्याकडून गाडीकडे वाहत असेल तर आवाज शेवटपर्यंत येत नाही. पाऊस पडला की मातीचे रस्ते चिकट होतात, चाकं रुततात, तेव्हा खडीच्या रस्त्यावरच राहावं. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरावी. आणि शेतकऱ्याच्या बांधावर गाडी लावायची असेल तर विचारावं. बहुतेक जण हो म्हणतात, शिवाय पुढची गाडी साधारण कधी येते तेही सांगतात.

सुरुवात पोर्टेज ला प्रेरीपासून करायला सांगा. विनिपेगहून तासाभराच्या अंतरावर, दोन्ही कंपन्यांचे मुख्य मार्ग तिथे अगदी शेजारून जातात. आणि विनिपेगमध्येच प्रेअरी डॉग सेंट्रल आहे, त्यांचं क्रमांक ३चं वाफेचं इंजिन १८८२चं, ग्लासगोत बांधलेलं.

घाटवेडा

मी पुढच्या उन्हाळ्यात येतोय. पाठलागही करणार आणि थांबणारही. इंग्लिसला कोण येणार?

रूळवेडा

मी येतो. जुलैच्या मध्यावर ठरवा, कॅनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) फुललेला असतो, सगळं शिवार पिवळं. इंग्लिसहून दक्षिणेला उतरलं की सीएनचा मार्ग लागतो, दुपार तिथे काढू. तारीख व्यनित कळवा.